अनुक्रमणिकेच्या क्रमाने जँगो शिकू नका

मागच्या दिवाळीत भाची आली ती काखेत एक जाडजूड पुस्तक मारूनच. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून काढलेलं, जँगो या वेब फ्रेमवर्कचं संदर्भपुस्तक. नव्वदाव्या पानावर बसच्या तिकिटाची खूण होती, आणि ती महिनाभर तिथून हललेली नव्हती. "मामा, मॉडेल कळलं, व्ह्यू कळला, टेम्प्लेट पण कळलं. पण या तिघांचं एकमेकांशी नातं काय, तेच लागेना."

तिची चूक काही नव्हती. तिने पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं होतं, म्हणजे शाळेने आपल्याला पुस्तक जसं वाचायला शिकवलं तसंच. पण संदर्भपुस्तक हे एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखं असतं. कुठली गाडी किती वाजता, कुठे थांबणार, सगळं अचूक लिहिलेलं असतं. फक्त तुम्हाला जायचं कुठे आहे, हे त्यात नसतं.

जँगोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये सेटिंग्जची जी संदर्भयादी आहे ती इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली आहे. पहिली नोंद 'ॲब्सोल्यूट यूआरएल ओव्हरराइड्स'. शिकाऊ माणसाला ती वर्षभर लागणार नाही. तिसरी नोंद 'अलाउड होस्ट्स', म्हणजे साइट कोणत्या पत्त्यांवरून चालू द्यायची त्यांची यादी. ही मात्र साइट सर्व्हरवर चढवायच्या दिवशी प्रत्येकाला रडवते. यादीच्या दृष्टीने दोघी शेजारणी, सारख्याच मानाच्या. कोणती आज वाचायची आणि कोणती कधीच नाही, हे यादी सांगत नाही आणि ते तिचं कामही नाही. त्याच डॉक्युमेंटेशनमध्ये धडे वेगळे, विषयवार मार्गदर्शन वेगळं, 'अमुक कसं करायचं' वेगळं आणि संदर्भ वेगळा, असे चार कप्पे केलेले आहेत ते उगाच नव्हे. छापील पुस्तकात बऱ्याचदा हे चारही कप्पे एकात कालवलेले असतात.

फ्रेमवर्क म्हणजे काय, इथून सुरुवात करू. मराठीत याला चौकट म्हणतात, पण त्या शब्दाने निम्मंच कळतं. मी भाचीला मंगल कार्यालयाचं उदाहरण दिलं. घरच्या अंगणात मांडव घातला तर सगळं तुमच्या हातात असतं. आचारी तुम्ही बोलावणार, भांडी तुम्ही आणणार, पंगत तुम्ही म्हणाल तेव्हा बसणार. त्या आचाऱ्यासारखी जी असते ती लायब्ररी: हवी तेव्हा बोलवा, काम करून घ्या. कार्यालय घेतलं की गोष्ट उलटी होते. पाणी, वीज, स्टेज, ताटं सगळं हजर असतं, पण पंगत किती वाजता, अक्षता कुठे ठेवायच्या, नवरदेवाची खोली कोणती, हे ठरलेलं असतं. तुम्ही तुमची माणसं आणि सामान ठरलेल्या जागी ठेवायचं. वेळ आली की व्यवस्थापकच हाक मारतो.

जँगोत तुम्ही लिहिलेलं फंक्शन तुम्ही स्वतः चालवत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकारात ठेवून देता. ब्राउझरकडून मागणी आली की जँगो त्याला हाक मारतो. नव्या माणसाला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट हीच: "हे फंक्शन लिहिलं खरं, पण ते चालवलं कुठे?" पुस्तकभर शोधून ती ओळ सापडत नाही, कारण ती तुमच्या कोडमध्ये नसतेच.

आता हे कार्यालय बांधलं कोणी, आणि कशासाठी? अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागात 2003 मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या प्रोग्रामरांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत साइट बांधायला सुरुवात केली. वृत्तपत्राचं काम म्हणजे संपादक दुपारी म्हणणार, संध्याकाळपर्यंत हे पान हवं. तीच तीच कामं पुन्हा करायला नकोत म्हणून त्यांनी सामाईक भाग वेगळा काढला, आणि जुलै 2005 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. नाव दिलं जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'डी' आहे, पण तो उच्चारायचा नाही.

हा इतिहास मी परीक्षेत विचारतील म्हणून सांगत नाही. संदर्भपुस्तकातली प्रत्येक नोंद हे एक उत्तर असतं, आणि प्रश्न मात्र तिथे छापलेला नसतो. तो प्रश्न बऱ्याचदा त्या वृत्तपत्राच्या कचेरीत सापडतो. जँगोत फुकट मिळणारं ॲडमिन पॅनल घ्या. मॉडेल, म्हणजे माहितीच्या तक्त्याचा आराखडा, लिहिलं आणि नोंदवलं की माहिती भरायचे फॉर्म, याद्या, शोध सगळं तयार मिळतं. हे एवढं कशाला? कारण बातम्या भरणारे लोक वार्ताहर होते, प्रोग्रामर नव्हते. वर्ष, महिना, दिवसानुसार जुन्या मजकुराची पानं देणारे तयार व्ह्यू कशाला? वृत्तपत्राचं अर्काइव्ह. पत्त्यातल्या वाचता येण्याजोग्या तुकड्याला 'स्लग' का म्हणतात? छापखान्याच्या जगात बातमीच्या कामचलाऊ नावाला स्लग म्हणत.

सगळ्यात गमतीची खूण टाइम झोनची. या सेटिंगचं मूळ डिफॉल्ट मूल्य आजही 'अमेरिका/शिकागो' आहे, कारण लॉरेन्समधली घड्याळं त्याच वेळेवर चालतात! नवा प्रकल्प सुरू केला की त्याच्या फाइलमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून मिळतं. आपण ते बदलून 'एशिया/कोलकाता' करायचं. नाही केलं, तर आपल्याकडे मध्यरात्रीचे 12 वाजलेले असताना घड्याळ आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा दाखवतं आणि "आजची थकबाकी" कालची निघते.

मग पुस्तक वाचायचं कसं? मी भाचीला म्हटलं, तुझ्या गावातल्या वाचनालयाची देवघेव ऑनलाइन करू. पुस्तकं, सभासद, देवघेवीची नोंद, तीनच तक्ते. आणि पुस्तक अनुक्रमणिकेच्या क्रमाने न वाचता एका मागणीच्या मागे मागे जाऊन वाचू. सभासदाने ब्राउझरमध्ये "माझी पुस्तकं" या दुव्यावर टिचकी मारली. आता ती टिचकी कुठे कुठे जाते?

आधी ती मिडलवेअरमधून जाते. जुन्या वाड्यात शिरताना एकामागून एक दरवाजे लागतात, तसे हे थर. नव्या प्रकल्पात असे सात थर आधीच लावलेले असतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा, कारण हा माणूस कोण हे ओळखणारा थर सेशनच्या, म्हणजे त्या भेटीची नोंद ठेवणाऱ्या, थरावर अवलंबून आहे. सेशन आधी उघडलं नाही तर ओळख पटणार कशी? उत्तर परत जाताना त्याच दरवाजांतून उलट क्रमाने बाहेर पडतं. पुस्तकात मिडलवेअर शेवटच्या प्रकरणांत ढकललेलं असतं, प्रगत विषय म्हणून. तिथली फक्त पहिली दोन पानं आत्ता वाचायची आणि पुढे सरकायचं.

मग यूआरएलची यादी. जँगो ती वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा पत्ता मिळाला की तिथेच थांबतो. खाली त्याहून नेमका पत्ता लिहिलेला असला तरी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग व्ह्यू. नावावरून वाटतं हा दिसण्याचा भाग असेल, पण तसं नाही. व्ह्यू म्हणजे मागणी घेऊन उत्तर देणारं फंक्शन, काउंटरवरचा कारकून म्हणा. तो मॉडेलकडे, म्हणजे डेटाबेसकडे, माहिती मागतो आणि ती टेम्प्लेटच्या साच्यात ओतून एचटीएमएल परत पाठवतो. दुसऱ्या फ्रेमवर्कांत 'कंट्रोलर' म्हणतात त्याचं बरंचसं काम जँगोत व्ह्यू करतो. नावांचा हा घोळ आधीच माहीत असला की चार दिवस वाचतात.

एवढ्यावर भाचीचा मूळ प्रश्न सुटला. ती तिन्ही प्रकरणं वेगवेगळी वाचत होती, आणि नातं प्रकरणांच्या मधल्या जागेत होतं.

खरी मजा पुढे आहे, कारण संदर्भपुस्तकाचं सोनं मॉडेलच्या प्रकरणात असतं. इथे सावकाश वाचायचं, शेजारी शेल, म्हणजे एकेक आज्ञा लिहून लगेच उत्तर बघायची खिडकी, उघडून.

फील्डच्या, म्हणजे तक्त्यातल्या रकान्याच्या, पर्यायांत 'नल' आणि 'ब्लँक' असे दोन जुळे भाऊ भेटतात. दोघांचा अर्थ "रिकामं चालेल" असाच वाटतो. वाचनालयाचा सभासद अर्ज डोळ्यांपुढे आणा. अर्जातला फोनचा चौकोन मोकळा सोडला तरी काउंटरवर अर्ज घेतील का, हे ठरवतो ब्लँक. आत कपाटातल्या नोंदवहीत त्या रकान्यात 'काहीच नाही' अशी नोंद ठेवता येते का, हे ठरवतो नल. पहिली तपासणी फॉर्मची, दुसरी डेटाबेसची. अक्षरांच्या फील्डला शक्यतो नल देऊ नका असं डॉक्युमेंटेशन सांगतं, आणि कारण पटण्यासारखं आहे: नाहीतर 'काहीच नाही' आणि 'रिकामी अक्षरमाळ' असे दोन प्रकारचे रिकामे रकाने तयार होतात, आणि शोधताना दोन्ही तपासत बसावं लागतं.

'गेट' आणि 'फिल्टर'चंही तसंच. दोन्ही शोधतात. पण गेटला नेमकं एकच हवं असतं. एकही नाही सापडलं तर तो एक एरर फेकतो, एकाहून जास्त सापडली तर दुसराच. फिल्टरला काही नाही सापडलं तर तो रिकामी यादी देऊन गप्प बसतो. संदर्भपुस्तकात एखाद्या मेथडची नोंद वाचताना लोक ती काय करते एवढंच वाचतात. मी म्हणतो, आधी दोन गोष्टी शोधा: ती परत काय देते, आणि कधी बोंब मारते. बाकीचं नावावरून बरंचसं कळतं.

आणि क्वेरीसेट, म्हणजे फिल्टरमधून मिळणाऱ्या याद्या, आळशी असतात, ही ओळ. बहुतेक पुस्तकांत ती एका परिच्छेदात येऊन जाते. फिल्टर लिहिलं म्हणजे डेटाबेसकडे माणूस धावला असं नाही. यादी प्रत्यक्ष वापरायची वेळ येईपर्यंत जँगो फक्त चिठ्ठी लिहून ठेवतो. त्यामुळे एकावर एक फिल्टर लावले तरी शेवटी फेरी एकच. शेलमध्ये क्वेरीसेटचा 'क्वेरी' हा गुणधर्म छापून बघा, आत तयार झालेली एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली आज्ञा, दिसते. मी तर म्हणेन, जँगो शिकणाऱ्याने पहिले पंधरा दिवस प्रत्येक क्वेरीसेट असा उघडून बघावा.

या आळशीपणाची दुसरी बाजू भाचीला तिसऱ्याच दिवशी दिसली. तिने थकबाकीची यादी केली: देवघेवीच्या 50 नोंदी, प्रत्येकीसमोर सभासदाचं नाव आणि पुस्तकाचं नाव. पान उघडायला चांगलाच वेळ लागला. डेटाबेसकडे गेलेल्या फेऱ्या मोजल्या तर 101. नोंदी आणायला एक फेरी. मग प्रत्येक नोंदीसाठी सभासदाच्या कपाटाकडे एक, पुस्तकांच्या कपाटाकडे एक. कारकुनाला पन्नास जणांची यादी दिली आणि त्याने प्रत्येक नावासाठी उठून कपाट उघडलं, बंद केलं, परत येऊन बसला, असा प्रकार. 'सिलेक्ट रिलेटेड' वापरून दोन्ही नाती आधीच मागून घेतली आणि 101 फेऱ्यांची एक झाली. हे फॉरेन कीसारख्या नात्याला चालतं, जिथे पलीकडे एकच वस्तू असते. पलीकडे ढीग असेल, म्हणजे एका सभासदाची सगळी पुस्तकं, तर 'प्रीफेच रिलेटेड', जो प्रत्येक नात्यामागे एक जादा फेरी मारून जुळवाजुळव पायथॉनमध्ये करतो. या दोन नोंदी पुस्तकात आधीपासून होत्या. भाचीने त्या वाचल्याही होत्या. पण प्रश्न पडला नव्हता, म्हणून उत्तर नजरेसमोरून निसटून गेलं.

तसाच 403 हा एरर. पहिला फॉर्म लिहून पाठवला की जँगो 'निषिद्ध' म्हणून तोंडावर दार लावतो. हे प्रत्येकाच्या नशिबी येतं. कारण असं की तुम्ही वाचनालयाच्या साइटवर लॉगिन असताना शेजारच्या टॅबमधल्या भलत्याच साइटने लपवलेला फॉर्म तुमच्या नावाने पाठवला, तर ब्राउझर तुमची कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, बिनदिक्कत सोबत जोडून देऊ शकतो. म्हणून जँगो आपल्या फॉर्मांत एक गुप्त टोकन घालायला लावतो, जे बाहेरच्या साइटला वाचता येत नाही. टेम्प्लेटमध्ये एक ओळ लिहिली की काम होतं. पण अनेक जण घाईत तो तपासणीचा थरच काढून टाकतात. तसं करू नका. दाराला कडी आहे म्हणून दारच उखडण्यातला तो प्रकार.

आता त्या पुस्तकाच्या वयाचा मुद्दा. भाचीचं पुस्तक जँगो 1.11 वर होतं, एप्रिल 2017 ची आवृत्ती, आणि तिने संगणकावर टाकला होता 5.2, एप्रिल 2025 चा. मध्ये अकरा आवृत्त्या. साधारण दर आठ महिन्यांनी नवी येते, आणि त्यातली अधूनमधून एक दीर्घ मुदतीची असते, जिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. पुस्तक किती जुनं हे मुखपृष्ठाविना ओळखायच्या खुणा आहेत. यूआरएलच्या सुरुवातीला टोपीसारखं चिन्ह आणि शेवटी डॉलर असेल तर बहुधा ते डिसेंबर 2017 मध्ये आलेल्या 2.0 च्या आधीचं. तक्ते बनवायला 'सिंकडीबी' सांगत असेल तर सप्टेंबर 2014 च्या 1.7 आधीचं, ते सरळ रद्दीत द्या. त्या आवृत्तीत मायग्रेशन जँगोच्या आत आली. तेव्हापासून एक आज्ञा बदलाची नोंद फाइलमध्ये लिहिते आणि दुसरी ती डेटाबेसवर अमलात आणते.

पण 1.11 चं पुस्तक टाकून द्यायची गरज नव्हती. उलट जुनं पुस्तक आणि नवी आवृत्ती जिथे भांडतात तिथे शिकायला सगळ्यात जास्त मिळतं. भाचीने पुस्तकातलं मॉडेल जसंच्या तसं लिहिलं आणि पायथॉन ओरडला: 'ऑन डिलीट' दिलेलं नाही. पुस्तक खोटं नव्हतं. 2.0 च्या आधी ते न देता चालायचं, आणि न दिल्यास जँगो गुपचूप 'कॅस्केड' धरायचा: मूळ नोंद पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या नोंदीही पुसायच्या. वाचनालयात याचा अर्थ काय? एका सभासदाने तीन पुस्तकं नेलीत. तो गाव सोडून गेला म्हणून कुणीतरी ॲडमिनमधून त्याचं नाव पुसलं. त्याबरोबर देवघेवीच्या तीन नोंदी गेल्या, आणि पुस्तकं कोणाकडे आहेत याचा पुरावाही गेला. म्हणून 2.0 पासून जँगो म्हणतो, तुम्हीच ठरवा आणि लिहा. आम्ही 'प्रोटेक्ट' लिहिलं. आता पुस्तकं परत येईपर्यंत नाव पुसताच येत नाही. वाचनालयाचा कारकूनही वर्षानुवर्षं हेच करत होता, फक्त त्याला ते नाव माहीत नव्हतं.

बाहेर पडण्याच्या दुव्याचंही तेच. पुस्तकात साधा दुवा होता, 5.0 पासून तो चालत नाही. लॉगआउटला फॉर्मच पाठवावा लागतो, नाहीतर भलत्या पानावर लपवलेलं एखादं चित्रही तुम्हाला बाहेर काढू शकलं असतं. अशी प्रत्येक ठोकर लागली की त्या आवृत्तीची रिलीज नोट्स, म्हणजे काय बदललं याची यादी, उघडायची. पुस्तकात उत्तर असतं. त्या यादीत बऱ्याचदा प्रश्नही लिहिलेला सापडतो.

एका ठोकरीचं उत्तर मात्र पुस्तकात नव्हतं. भाचीला पुस्तकाच्या पानाचा पत्ता नावावरून हवा होता, मराठीतून. नावाचा स्लग बनवणारं जँगोचं 'स्लगिफाय' नेहमीच्या पद्धतीने वापरलं तर देवनागरी सगळी गळून पडते आणि हातात रिकामी अक्षरमाळ येते. मग तिला 'अलाउ युनिकोड' हा पर्याय सापडला. मोठ्या आशेने तो लावला, आणि 'वाचनालय'चं झालं 'वचनलय'. 'किल्ला'चं 'कलल'. ती आधी हसत सुटली, मग वैतागली.

झालं असं, की स्लगिफाय कोणतं अक्षर ठेवायचं हे पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या सोयीला, विचारून ठरवतं, आणि त्याच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त ही स्वतंत्र 'अक्षरं' नव्हेत, जोडचिन्हं आहेत. म्हणून व्यंजनं राहिली आणि जोडचिन्हं गेली. लॉरेन्सच्या वृत्तपत्रात हा प्रश्न कधी कुणाला पडायचं कारणच नव्हतं. यावर स्वतःचं फंक्शन लिहिता येतं, जोडचिन्हांचे युनिकोड वर्ग सांभाळून. ती दोन दिवस त्यामागे होतीही.

शेवटी वाचनालयातल्या काकांनी दाखल नोंदवही पुढे सरकवली. प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक आहेच, पहिल्या पानावर शिक्क्यासकट. दोन पुस्तकांचं नाव एकच असू शकतं, हा क्रमांक नाही. "नावावरून आम्ही पण कधी शोधत नाही गं," ते म्हणाले. आता पत्ता '/पुस्तक/417/' असा आहे. संदर्भपुस्तकातली बसच्या तिकिटाची खूण तिने काढून टाकली आहे, आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायला घेतले आहेत.